आई-बाबा, यंदाचा गणपती डोंबिवलीतच

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला हे बोलवत नाही, म्हणून लिहितोय. यंदा गणपती डोंबिवलीतच बसवायचा. आम्ही चौघं हरतालिकेच्या दिवशी सकाळी तिकडे पोचतो. दापोलीजवळच्या आपल्या नव्या घरात गणपती आणायचा, हे बाबांनी पाया खणला तेव्हाच ठरवलं होतं, आणि आई, तू मखरासाठी जरीकाठी साडी काढून ठेवली आहेस, तेही मला कळलंय. अण्णांना मी सांगतो. त्यात तुम्ही पडू नका.

कारण एकच आहे. तुमच्या खोलीची भिंत अजून ओली आहे.

बाकीच्या घराचा गिलावा जानेवारीत झाला, त्याला चार महिने कडक ऊन मिळालं. तुमच्या खोलीला लागून संडास-बाथरूम काढायचं नंतर ठरलं, त्यामुळे तिचा गिलावा एप्रिलअखेर उरकला. त्यावर दहा दिवस पाणी मारलं. ते टाळलं असतं तर केसासारख्या भेगा पडल्या असत्या. जांभ्याचा चिरा आतून भोकाभोकांचा, तो हे सगळं पाणी पितो. ते सोडायला त्याला ऊन हवं आणि कोरडं वारं हवं. त्याला जेमतेम महिना मिळाला आणि पाऊस लागला. आता हवेतच इतकी ओल आहे की भिंतीतलं पाणी जाणार कुठे?

वरून बघितलं तर भिंत कोरडी ठणठणीत दिसते. म्हणून परीक्षा घेतली. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा बाबांच्या उशाकडच्या भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टी लावून डकवला आणि दोन दिवसांनी पाहिला. भिंतीकडच्या अंगाला मोहरीएवढे थेंब जमले होते. खोलीकडच्या अंगाला थेंब असते तर ती नुसती दमट हवा म्हणता आली असती. आतल्या अंगाला थेंब, म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. अशा भिंतीवर पलंगाच्या आणि कपाटाच्या मागे, जिथे वारा खेळत नाही तिथे, आधी बुरशी धरते. बाबा, त्या बुरशीत रात्रभर श्वास घ्यायला तुमच्या दम्याला मी आणणार नाही. ओल दडवायला वरून ऑइलपेंट मारणं हा उपाय नव्हे. पाणी आत कोंडतं आणि पावसाळा संपायच्या आत पापुद्रे सुटतात. म्हणून सध्या नुसता चुना मारलाय, त्यातून भिंत वाळत राहते.

आई, तू म्हणशील, मुलांच्या खोलीत झोपू. तिथून रात्री संडासला जायचं तर पडवीतून जावं लागतं. झड आली की पडवीची लादी निसरडी होते आणि तुझा गुडघा मला ठाऊक आहे.

खोली मात्र तुमचीच आहे, तिच्यात दुसरं कुणी झोपलेलं नाही. पलंग अठरा इंच उंच केलाय, पाय टेकवून उठता येईल. बाथरूमला उंबरा ठेवला नाही, फक्त उतार दिलाय, आणि दार बाहेर उघडतं. आत कुणी पडलं तर दार अडत नाही. कमोडशेजारी धरायची दांडी आहे. चिऱ्यात नुसता खिळा-बोल्ट ठोकला तर महिन्याभरात हलायला लागतो, म्हणून तिथला चिरा कोरून काँक्रीट भरलं आणि त्यात बोल्ट बसवले. मी स्वतः लोंबकळून पाहिलंय. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर दोन पंखे, तीन दिवे पाच-सहा तास चालतात. बाबांच्या नेब्युलायझरचा प्लग त्याच लाइनवर घेतलाय.

मुलांची काळजी करू नका. विहिरीच्या कठड्यावर लोखंडी जाळी आहे, तिला कुलूप आहे. विहिरीत साधारण सतरा हजार लिटर पाणी आहे, हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने पंचाऐंशी ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. ती बादलीत कालवून निवळू देतो, साका फेकतो, वरचं पाणी संध्याकाळी विहिरीत सोडतो आणि तासभर कुणाला उपसू देत नाही. शिवाय प्यायचं पाणी अनू उकळतेच.

विंचवाचं म्हणशील तर चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरल्यात, जळाऊ लाकडं घरापासून वीस फूट लांब रचलीत आणि बूट झटकल्याशिवाय ओवी पायात घालत नाही. आई, तुझ्या लहानपणी विंचू चावला की भगत बोलवत. आता तसं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने माणसं वाचतात हे दाखवून दिलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलं तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, पाय हलवू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. अनूने हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावलंय. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे.

खरं सांगू? पागोळ्या गळायला लागल्या की आजोळच्या ओटीवर तू मला गोधडीत गुंडाळून बसवायचीस आणि लोखंडी तव्यावरची भाजलेली आठळी फुंकून हातावर ठेवायचीस, ते रोज आठवतं. पोरांना ते तुझ्या हातून मिळायला हवं. म्हणून तर एवढा खटाटोप.

आता ऐका. आई, माळ्यावरचं पितळी सामान काढायला स्टुलावर चढू नकोस, मी आल्यावर काढतो. जातं पाठवायची घाई नको. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बाबा, दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरायची, दर वेळी; नाहीतर तोंड येतं. खेडपर्यंतच्या गाडीची तिकिटं परस्पर काढू नका. दिवाळी आपण तिकडेच करू आणि परतताना मी तुम्हाला आमच्याच गाडीतून घेऊन येईन. तोवर ऑक्टोबरचं ऊन भिंतीला लागलेलं असेल. प्लॅस्टिक मी दर रविवारी नव्याने डकवतो; कोरडं निघालं की त्याच दिवशी फोन करीन.

रागावू नका.

तुमचा,
राजू

ता. क. बाबा, पंपाला जोडायची ती नळी, स्पेसर, धुतल्यावर फडक्याने पुसू नका. पुसली की औषध तिच्या आतल्या बाजूलाच चिकटून बसतं. उभी ठेवून वाऱ्यावर वाळू द्या.