साठ ऑर्क आणि एक रिकामी खूण

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल वॉरहॅमरच्या स्पर्धेहून परतताना गाडीत तू एक शब्द बोलला नाहीस, आणि डर्बी येईपर्यंत झोपून गेलास. एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण बोलायला बसलो की तू "फासेच पडले नाहीत" म्हणणार आणि विषय तिथेच संपणार, म्हणून लिहिते आहे.

तीन डावांत एक जिंकलास, दोन हरलास. टेबलावर छोटी सैन्यं मांडून फाशांनी लढायच्या या खेळाच्या पहिल्याच स्पर्धेत एवढं जमलं याचा मला मनापासून आनंद आहे. मी लहानपणी सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळात खेळायचे. तिथली स्विस पद्धत इथेही दिसली आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. बाकीचं सगळं मी तुझ्यामागे उभी राहून शिकत होते.

पहिला डाव तू तुझ्या ऑर्क सैन्यामुळे हरला नाहीस, वेळेमुळे हरलास. एका डावाला तीन तास, त्यात दोघांच्या एकेक पाळीचे पाच राउंड व्हायला हवेत. तुमचे तीनच झाले. साठ बॉइज, म्हणजे तुझे साधे ऑर्क सैनिक, तू एकेक करून उचलत होतास, प्रत्येकासाठी टेप लावून सहा इंच मोजत होतास. घरी अख्खा रविवार हाताशी असतो, तिथे हे चालतं. काल शेवटचे दोन राउंड तुझे गेलेच, पण समोरच्याचेही गेले, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. तोही पहाटे उठून, पैसे भरून आला होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आपली माणसं खाचा असलेल्या ट्रेमध्ये बसवली होती. दहाजण एकाच ढकलीत पुढे. आपणही तसे ट्रे घेऊ. माझं जुनं बुद्धिबळाचं घड्याळ माळ्यावर आहे, ते काढते. दोघांना दीड-दीड तास लावून घरी खेळत जा.

दुसरा डाव तू आदल्या रात्री एक वाजेपर्यंत सैन्य रंगवत बसलास म्हणून जिंकलास. मी हेअर ड्रायर धरून उभी होते आणि मनातून चिडलेही होते. पूर्ण रंगवलेल्या सैन्याला शंभरातले १० गुण मिळतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. समोरच्या मुलाचं सैन्य नुसतं करड्या प्लास्टिकचं. तुझे ६८, त्याचे ६२. जाताना त्याने तुला हिरवा रंग कुठला वापरलास म्हणून विचारलं, आणि तू डबी काढून त्याच्या हातात दिलीस. ते मी पाहिलं.

आता तिसरा. राखीव ठेवलेले वीस बॉइज शत्रूपासून नऊ इंचांवर उतरवलेस आणि चार्ज केलास, म्हणजे त्याच्या अंगावर धाडलेस. दोन फाशांची बेरीज नऊ हवी होती. पडले पाच आणि तीन. तुझा चेहरा उतरला. फासे पुन्हा टाकता आले असते, पण त्यासाठी लागणारा शेवटचा कमांड पॉइंट तू आधीच एका मरणाऱ्या बॉयसाठी खर्च करून बसला होतास. रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात, त्यांतले नऊ किंवा जास्त येणारे फक्त १०. म्हणजे दहातून सात वेळा असंच होणार. पॉइंट शिल्लक असता तर जवळजवळ निम्मी संधी होती. फाशांनी दगा दिला नाही रे. तू सगळा डाव फाशांच्या एका फेकीवर ठेवलास.

त्याच वेळी तुझ्याकडची मागची खूण, जी धरून ठेवली की गुण मिळतात ती, उघडी पडली होती. तिथे उभे असलेले बारके ग्रेचिन सैनिक तू ढालीसारखे पुढे नेलेस आणि ते मेले. शेवटच्या दोन राउंडला त्या खुणेचे पाच-पाच गुण मिळाले असते. हरलास किती गुणांनी? सात. तू दिवसभर किती मारले ते मोजत होतास, आणि या खेळात गुण मिळतात ते जागा धरून ठेवण्याचे.

तू सामान भरत होतास तेव्हा तिसऱ्या डावातले ते पिकल्या दाढीचे काका बराच वेळ थांबले होते. त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं. तू मान वर केली नाहीस, मग ते माझ्याशी बोलले. तुझ्या बॉइजचं त्यांनी कौतुक केलं आणि विचारलं, "त्याने ग्रेचिन का हलवले?" मला सांगता आलं नाही. तुला सांगता येतं का बघ. ते दर गुरुवारी क्लबात असतात म्हणाले. मी सोडायला येईन.

आणि ऑर्क विकून दुसरं सैन्य घ्यायचं, असं मित्राला फोनवर सांगताना ऐकलं. आत्ता नको. हीच २,००० गुणांच्या किमतीची सैन्याची यादी आणखी दहा डाव खेळ. बुद्धिबळात चाली लिहिलेल्या असतात, घरी येऊन डाव परत मांडता येतो. इथे ती सोय नाही, म्हणून आठवतंय तोवर आजच वहीत उतरवून काढ. कोण कुठे उभं होतं, कुठल्या राउंडला काय हललं, एवढं पुरे.

गाडीच्या सीटखाली एक ग्रेचिन सापडला. त्याचा हात निखळलाय. दोन्ही तुकडे हळदीच्या रिकाम्या डबीत घालून तुझ्या टेबलावर ठेवलेत. गोंद वरच्या खणात आहे.

तुझी,
आई