नातीची नोंद नातीलाच गोपनीय!

महोदय,

आधारवरची नावं जुळवून घ्या, म्हणून नातीच्या शाळेनं गेल्या आठवड्यात नववीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेलची यादी टाकली. मुलांची नावं, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, मोबाईल नंबर. सगळ्या वर्गाचं सगळ्यांना. संध्याकाळी पारावर कुणाचं पोर कुठल्या प्रवर्गात, याची चर्चा रंगली होती.

त्या यादीत नातीची जन्मतारीख 12 ऐवजी 21 पडलेली. चूक मूळ रजिस्टरात आहे की संगणकावर चढवताना झाली, हे बघायला मी शाळेत गेलो. उत्तर मिळालं, "आजोबा, जनरल रजिस्टर दाखवता येत नाही, ते गोपनीय असतं."

मी स्वतः एका हायस्कुलात लिपिक होतो, त्यामुळे हसावं की रडावं कळेना. रजिस्टर कुलपात ठेवायचं, खाडाखोड होऊ द्यायची नाही, हे बरोबरच. पण ज्याची नोंद त्यालाच ती दाखवायची नाही, हा कुठला नियम? आणि उगाच साळसूदपणा नको म्हणून सांगतो, आमच्या वेळीही निकाल लागला की क्लासवाले चहा पाजून दहावीची यादी उतरवून न्यायचे. मीही कधी अडवलं नाही. तेव्हा त्यात वावगं वाटत नव्हतं. आता निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी फोन खणखणतात तेव्हा वाटतं.

आपल्या साताऱ्यातच, प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ची एक नोंद जपलेली आहे. 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर या नव्या विद्यार्थ्याची सही. त्याच तारखेला राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. सव्वाशे वर्षांपूर्वी पोरगं आपल्या नोंदीसमोर सही करत होतं, आणि आज नातीला तिची ओळ नुसती बघायलाही मिळत नाही.

अमेरिकेत 1974 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. पालकांनी मागितल्यापासून 45 दिवसांत शाळेला नोंद दाखवावी लागते, चुकली असेल तर दुरुस्ती मागता येते आणि मूल 18 वर्षांचं झालं की तो हक्क त्याच्याकडे जातो. आपल्याकडेही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर शाळांनी गप्प बसावं असं थोडंच आहे! प्रत्येक पालकाला फक्त त्याच्या मुलाची ओळ पाठवायला कायद्याची वाट कशाला बघायची? जात आणि आधारचे रकाने ग्रुपवर टाकायची तर काही गरजच नव्हती.

जन्मतारखेचं मात्र तातडीनं बघायला हवं. एकदा दाखला हातात पडला की तारीख दुरुस्त करायला किती चपला झिजतात, ते मी खिडकीच्या आत बसून पाहिलं आहे. शाळा अनुदानित आहे, म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज दिला असून 30 दिवस वाट बघणार आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. यादी अजून ग्रुपवर तशीच आहे.

– एक निवृत्त शालेय लिपिक, कोरेगाव (जि. सातारा)