सही करण्याआधी

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शीतपेय कंपनीने तुमच्या बँडला पैसे देण्यासाठी केलेला, तू पाठवलेला करार नीट वाचला. फतेगंजमधली पोरं तुमच्या बँडला 'विकले गेले' म्हणतायत आणि ते तू मनाला लावून घेतलंयस, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

पैसे घेण्यात मला काहीच गैर दिसत नाही. टायरच्या दुकानामागच्या त्या खोलीचं भाडं, दरवेळी भाड्याने आणायचे स्पीकर, ड्रमच्या फाटलेल्या कातड्या, हे सगळं तुम्ही ट्यूशन घेऊन भागवता. गुजरातेत दारूबंदी, म्हणून पुण्यातल्या वीकेंडर या संगीत महोत्सवाला मिळाला तसा रमच्या कंपनीचा पैसा इथे मिळायचा नाही. उरतात मोबाइलवाले, बिल्डर आणि ही शीतपेयवाली मंडळी. आणि गाण्याला पोशिंदा लागतो हे बडोद्याला का कुणी सांगायला हवं? मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये सयाजीरावांच्याच आश्रयाने उभी राहिली. फैयाजखाँसाहेब तर दरबारचे गवई. त्यांना विकाऊ म्हणायची कुणाची छाती नाही.

पण त्याच दरबारात कलावंत कारखाना होता. गवई-वादकांचं सरकारी खातंच म्हण ना. हजेरी, रजा, गैरहजेरीचा दंड, सगळं नियमांत बांधलेलं. पैसा देणारा आपले नियम घेऊनच येतो, मग तो राजा असो की कंपनी. म्हणून मी रक्कम बाजूला ठेवून आधी कलमं वाचली.

कलम नऊ माझ्या घशाखाली उतरत नाही. 'गीतांचे शब्द कार्यक्रमाच्या सात दिवस आधी मंजुरीसाठी सादर करावेत. ब्रँडच्या प्रतिमेस बाधक मजकूर वगळण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.' आता तुझं विश्वामित्रीचं गाणं घे. त्यात नदीत सोडलेलं गटाराचं पाणी आहे, पुरानंतर खाटेखाली साचलेला चिखल आहे, काठावर ऊन खात पडलेल्या मगरी आहेत. पाण्यावरच धंदा चालणारी कंपनी तो दुसरा अंतरा ठेवू देईल असं मला वाटत नाही. आणि तो अंतरा आला की पोरं हातातले फोन खाली करून तुझ्याबरोबर गायला लागतात, हे मी समोर उभं राहून पाहिलंय. तोच कापला तर त्या गाण्यात राहिलं काय?

'विकले गेले' हा शिक्का काही नवा नाही. लंडनच्या 'द क्लॅश' या पंक रॉक बँडने 1977 मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी 1 लाख पौंडांचा करार केला, तेव्हा पंक संगीत त्या दिवशीच मेलं असं लिहिलं गेलं. 'चंबावंबा' या इंग्लंडच्या बँडने 2002 मध्ये जनरल मोटर्सला जाहिरातीसाठी गाणं दिलं आणि आलेला पैसा कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थांना देऊन टाकला. मला ते फार आवडतं. तुम्ही पैसे देऊन टाका असं मात्र मी म्हणणार नाही. आधी खोलीचं थकलेलं भाडं फेडा.

त्यांचा बॅनर स्टेजमागे हवा तेवढा मोठा लागू दे. त्यांचे टी-शर्टही घाला. शब्द आधी पाठवायलाही हरकत नाही, पण निव्वळ माहितीसाठी. वगळण्याचा अधिकार कागदावरून गेलाच पाहिजे. रावपुऱ्यात माझ्या ओळखीचे एक वकील बसतात. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ, तोवर सही करू नकोस. येताना मूळ प्रत आण, झेरॉक्सवर शेवटचं पान पुसट आलंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच