मॅडम, माझी गोण तुम्ही पाठीवर घेतलीत

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. कमरेच्या दुखण्यानंतर सोमवारी मस्जिद बंदरच्या गोदामात पाच महिन्यांनी पूर्ण दिवस भरला. ५० किलोच्या गोणी पाठीवर घेतल्या, थप्पी लावली आणि लोकलने उभ्याउभ्या घरी आलो. दारात बायको आधी माझ्या कमरेकडे बघत राहिली, मग रडायला लागली. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली, माझ्या पाठीला हातसुद्धा लावला नाही. "गादी सरकलीय, मणका झिजलाय, हमाली विसरा." पट्टा बांधून ६ आठवडे झोपून राहिलो. पाय लटपटायला लागले, कंबर होती तशीच. गोदामाच्या शेठचा निरोप आला, शंभर टक्के बरा असशील तरच ये. आमच्यात हजेरी नाही तर मजुरी नाही. मुलीची बारावी तोंडावर, आणि मी साताऱ्याला परत जायचं ठरवून बसलो होतो.

तुम्ही पायाला बधिरपणा येतो का, लघवी-संडासवर ताबा आहे का, ताप येतो का, सगळं विचारलंत. टाचांवर चालवलंत, चवड्यांवर चालवलंत. मग म्हणालात, काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या १०० माणसांचा एमआरआय काढला तरी ८० जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते दुसऱ्या खेपेचं. तुम्ही मला गोण उचलायचा माझा लोखंडी आकडा आणि रिकामी गोण घेऊन बोलावलंत. आकडा बघून गेटवर वॉचमनने अडवलं, तर तुम्ही स्वतः खाली आलात. गोणीत वाळूच्या पिशव्या भरल्यात, १० किलो होईल एवढ्याच, आणि म्हणालात, "काका, तुम्ही कसं उचलता ते आधी मला शिकवा."

आकडा कुठं रोवायचा, गुडघे कधी वाकवायचे, वजन अंगाजवळ कसं घ्यायचं, मी सांगत गेलो. तुम्ही पांढऱ्या कोटावर माझा फडका टाकून ती गोण पाठीवर घेतलीत. कोटभर तागाचे तूस चिकटले, ते झटकलेही नाहीत. मग म्हणालात, "आता तुम्ही." दोन महिने मी बादलीसाठीसुद्धा वाकलो नव्हतो. त्या दिवशी वाकलो.

२२ वर्षं ओझं वाहतोय मी. "उचल", "आटप" खूप ऐकलं, "शिकवा" कुणी म्हटलं नव्हतं. समोरच्याच्या कामाला मान द्यायला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही, तरी किती दुर्मीळ झालंय ते.

मुकादमाला फोन करून तुम्हीच समजावलंत, की दुखणं पूर्ण थांबायची वाट बघू नका, हळूहळू कामाला लावा. आधी काट्यावर वजन लिहायला बसवलं, मग हातगाडी, मग हलकी गोण. मुकादमाचेही उपकार आहेत, त्याने शेठपुढे शब्द टाकला.

आमच्या टोळीतला एक पोरगा कालपासून कंबर धरून बसलाय. गुरुवारी तुमच्याकडे पाठवतोय. लाजरा आहे, दुखणं पटकन सांगणार नाही. त्याला आधी आकड्याबद्दल विचारा, मग बोलेल.

तुमचा,
मस्जिद बंदरचा एक माथाडी