मुक्ता, हे पाकीट विमानात उघड

चिंचवड, रविवार रात्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

हे पाकीट भाजणीच्या पिशवीखाली सरकवतोय. आईला माहीत नाही. कळलं तर म्हणेल, "झालं का पुन्हा सुरू?" म्हणून आधीच सांगतो, त्या विषयावर मी काही लिहिणार नाही. गुरुवारी तू ताटावरून उठलीस, आमटीत कालवलेला भात तसाच राहिला, तेवढ्यापुरतंच लिहायचं आहे. ताटावर हिशेब काढायचा नाही हा आजोबांचा नियम. तो मी मोडला. चूक माझी.

दुसरी चूक, तुमच्या कंपनीच्या विक्रीचे ते कागद मी वाचले. तू झेरॉक्स काढायला दिले होतेस, वाचायला नव्हे. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पानं उलटसुलट लावतो, ती लावून घेताना नजर पडली. खोटं कशाला बोलू, पडली नाही, घातली. चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीच्या हिशेबात काढलेल्या माणसाच्या हातात शेड्यूल, म्हणजे मागे याद्या जोडलेला करार आला की तो शेवटच्या पानापासून वाचायला लागतो. खरं काय ते तिथेच असतं.

असो. गुरुवारी जे आधी बोलायला हवं होतं ते आता लिहितो. तुमची व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवणारी कंपनी एवढ्या मोठ्या पब्लिशरनं, म्हणजे खेळाच्या मालकानंच घेतली, तुला सिंगापूरला बोलावलं, याचा मला फार आनंद झालाय. तुला तो दिसला नसेल, पण बागेत सगळ्यांना दिसला. मोरे म्हणाले, "तिथं जाऊन काय करणार पोरगी?" म्हटलं, इथे करत होती तेच, आता पगार घेऊन.

तुझ्या या धंद्यातलं मला काही कळत नाही असं तू म्हणतेस ते बरोबर आहे. २०१८ साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये आपल्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या व्हिडिओ गेममध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा तू मला दुपारच्या झोपेतून उठवलं होतंस. मी विचारलं, हे पदक तालिकेत धरतात का? तू म्हणालीस, नाही, प्रदर्शनीय आहे. मग कशाचं पदक, असं म्हणून मी कूस बदलली. तुझा चेहरा मला अजून आठवतो. नंतर २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं ईस्पोर्ट्स, म्हणजे तुमच्या या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा मंत्रालयाकडे दिल्याची बातमी आली, ती कापून फ्रिजवर कुणी लावली? तुझ्या आईनं नाही लावली. तेवढं लक्षात ठेव.

धंदा मला कळला तो त्याच वर्षी, २८ जुलैला. तू रात्री बाल्कनीत बसली होतीस, पाय वर घेऊन, लहानपणी ताप आला की बसायचीस तशी. तुमच्या स्पर्धेचा मोबाइलवरचा खेळ, बीजीएमआय, दोन्ही ॲप स्टोअरवरून गेला होता. हॉलची अनामत भरलेली, संघांची तिकिटं काढलेली, टी-शर्ट छापून आलेले. (त्यांनी आपल्याकडे अजून फरशी पुसतात.) मी म्हणालो, दुसरा खेळ घ्या. तू म्हणालीस, "बाबा, माणसं खेळाला येतात, आम्हाला बघायला नाही." त्याचाच आधीचा अवतार, पबजी, २०२० च्या सप्टेंबरात बंद झाला तेव्हा ते चिनी ॲपचं प्रकरण म्हणून मी सोडून दिलं होतं. बीजीएमआय परत यायला दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत तू सोनं मोडलंस ते मला आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कबड्डीला मालक नाही. सवाईत कुणी भैरवी गायला बसलं तर भैरवीच्या मालकाची परवानगी काढावी लागत नाही. तुमच्यात खेळच कुणाच्या तरी मालकीचा. तुम्ही मांडव घालायचा, दिवे लावायचे, गर्दी जमवायची, आणि मूर्तीवाल्यानं मूर्ती उचलली की मांडवात नुसत्या खुर्च्या. आता मूर्तीवाल्यानंच मांडववाला विकत घेतला म्हटल्यावर मला वाटलं, सुटली पोर.

पण मग मी वाचायला लागलो. ओंकारनं मला अमेरिकेतला एक जुना व्यवहार शोधून दिला. मेजर लीग गेमिंग तुला माहीतच असणार, २००२ मध्ये निघालेली स्पर्धावाली कंपनी, पुढे कर्जात गेली. २०१६ च्या जानेवारीत ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डनं ती घेतल्याचं जाहीर केलं, ४ कोटी ६० लाख डॉलरला. तिथेही तुमच्यासारखंच, घेतली ती तिची बहुतेक सगळी मालमत्ता. आणि आलेल्या पैशातला मोठा भाग देणी फेडण्यात गेला. मला त्या सगळ्या बातमीत एवढं एकच वाक्य आवडलं. पुढे त्याच पब्लिशरनं शहरांच्या नावांचे संघ करून ओव्हरवॉच लीग काढली, केवढा गाजावाजा, २०१८ मध्ये सुरू आणि २०२३ च्या हंगामानंतर बंद. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे, मालकाला स्पर्धेतून पैसे कमवायचेच नसतात, त्याला खेळ चर्चेत ठेवायचा असतो. चर्चेचा खर्च परवडेनासा झाला की तो स्पर्धेच्या ओळीवर काट मारतो. तेव्हा तिथे पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर काय आहे ते बघ, नेमणूक पत्रात पदाचं नाव नीट लिहून घे, प्रोबेशन किती ते विचार, पीएफसारखं त्यांच्याकडे काय असतं, इथलं खातं चालू ठेव, भावनेच्या भरात कुठेही…

लेक्चर झालं. माफ कर. तू दोनशे संघांची स्पर्धा तीन रात्री न झोपता पार पाडणारी मुलगी, आणि मी तुला नेमणूक पत्र वाचायला शिकवतोय.

ते शेड्यूल. मी लिहिणार नव्हतो. "वगळलेली देणी", चौथी ओळ, खेळाडूंची बक्षिसं, ३९ लाख ६० हजार. पब्लिशरनं नाव घेतलं, सॉफ्टवेअर घेतलं, कॅमेरे घेतले, तुम्हा अकरा जणांना घेतलं, आणि ती ओळ जुन्या कंपनीत सोडली. जुन्या कंपनीत आता आहे काय? वाकडचं रिकामं ऑफिस आणि आपल्या घराचा रजिस्टर्ड पत्ता. रोहन म्हणतो, कायदेशीर आहे. आहेच. धंदा घेतला, कंपनी घेतली नाही, कायद्यात तसं बसतं. मी नोकरीभर कायदेशीर कागदच हाताळले आहेत.

तू म्हणालीस, स्पॉन्सरकडून येणं आहे, ते आलं की वाटणार. अगं, तो स्पॉन्सर कोण होता? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं दोन दिवसांत कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, टीम इंडियाच्या जर्सीवरचं नावसुद्धा गेलं, त्यात तुमचा स्पॉन्सरही गेला. त्या आठवड्यात सुलूआत्यानं फोन केला, "मुक्ताचा तो जुगार बंद झाला म्हणे." मी अर्धा तास तिला समजावलं की कायद्यानं ईस्पोर्ट्सला उलट मान्यता दिली आहे, जुगार वेगळा, स्पर्धा वेगळी. मी किती छान बोललो होतो ते तू ऐकायला हवं होतंस. पण ज्याचं दुकानच बंद झालं त्याच्याकडून तुला येणं कधी येणार, हे मला सुलूआत्याला समजावता आलं नसतं आणि मलाही समजत नाही.

तुझ्या टेबलाच्या खणात पितळी भोवरा आहे अजून? परवा तू सामान आवरत होतीस तेव्हा दिसला नाही. शिंदेमामांनी लेथवर करून दिलेला. तू चार वर्षांची होतीस, आयुधपूजेला तुला कंपनीत नेलं होतं, तू त्यांच्या मशीनपुढून हलेना. त्याच वर्षी आमची कंपनी विकली. नव्या मालकानं मशीनं घेतली, ब्रँड घेतला, स्टाफमधले आम्ही चौदा जण घेतले. कामगारांची ग्रॅच्युइटी आणि थकलेला ओव्हरटाइम जुन्या कंपनीच्या वहीत राहिला. साहेबांनी मला गेटवर जाऊन सांगायला लावलं, दिवाळीच्या आत मिळतील. मलाच का, तर माझ्यावर माणसं विश्वास ठेवायची. कुणाचं एक मिनिट मी कधी कापलं नव्हतं. मी सांगितलं. मलाही तसंच सांगितलं होतं, म्हणजे मी खोटं बोललो नाही. माणसं घरी गेली.

लेबर कोर्टात सहा वर्षं गेली. शेवटी निम्मे-अर्धे मिळाले, ते घ्यायला मी हजर होतो, ओळख पटवायला. शिंदेमामांच्या नावापुढे मामींनी अंगठा उठवला. त्या आधी एकदा मामा मला मोरया गोसावीच्या देवळाबाहेर भेटले होते. मला वाटलं, बोलतील काहीतरी. ते म्हणाले, "पोरगी भोवरा फिरवते का?" बस्स. नव्या मालकाकडून मला पहिल्याच महिन्यात साडेसातशेची वाढ मिळाली होती, त्यातून तुझी शाळेची रिक्षा सुरू केली.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आईला थोडं माहीत आहे. तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. तुझं आणि माझं एक नाही, हे मलाही दिसतं. मी निरोप्या होतो, तू तर पाच वर्षं स्वतःचा पगार न घेता तिथल्या कास्टरपासून, म्हणजे समालोचकांपासून, चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे दिलेस. मला भीती इतकीच वाटते की ज्या मुलांना तू स्टेजवर बोलावलंस त्यांना मागच्या दारानं काय निरोप जाणार, आणि तो कोण देणार.

कारण मंगळवारी एक मुलगा आला होता. हे गुरुवारी सांगायचं होतं, पण मी सुरुवातच चुकीची केली. फलटणचा. एसटीनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं पिंपरी आणि पिंपरीहून चालत. पावतीवर आपला पत्ता छापलाय, त्याला वाटलं इथे ऑफिस असेल. दारात चपलांचा ढीग आणि नुसत्या बनियनवर, खिळे ठोकत बसलेल्या मला आई हाक मारतेय, हे बघून तो गोंधळलाच. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. पोहे खाल्ले, दोनदा घेतले. भांडला नाही. तुला ताई म्हणतो. त्याच्या वाटणीचे ४२ हजार आहेत. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला, स्टेजवर तू आणि ते चौघे, हातात तो पुठ्ठ्याचा मोठा चेक. तो चेक घरी भिंतीवर लावलाय म्हणे. गावात सगळ्यांना वाटतं पैसे मिळाले. चुलत्यानं त्यातले वीस उसने मागितले, यानं नाही म्हटल्यावर बोलणं बंद केलं. आता नाही मिळाले म्हणून सांगावं तर चेकच भिंतीवर.

मी चेकबुक काढलं. आई बघत होती, ती काही बोलली नाही. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडून नको. ताईंनी दिले की घेईन." मेट्रोच्या तिकिटाचेसुद्धा घेतले नाहीत.

माझ्या नावावरची एफडी जूनमध्ये सुटते. सगळी रक्कम त्यात बसत नाही, मी बेरीज केली आहे. तुला मी गहाण टाकतोय असं वाटून घेऊ नको. आणि तू पहिल्या पगारातून सगळं वाटून टाक असंही म्हणत नाही, तिथलं घरभाडं मला माहीत आहे. यादी मात्र कर. कुणाचे किती, कुणाला काय सांगितलं, कधी सांगितलं. टाइम ऑफिसातला माणूस दुसरं काय सांगणार. रोहनला विचारून नको करू, आधी कर आणि मग त्याला दाखव.

पुन्हा त्याच विषयावर आलो ना. आई बरोबर बोलते.

तिथं थंड हॉलमध्ये रात्र रात्र बसशील, डोक्याला रुमाल बांध. मेतकूट वरच्या कप्प्यात आहे. पोचलीस की मेसेज नको, फोन कर, कितीही वाजले तरी. आजीनं दिलेला अंगारा पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे, तपासणीला विचारलं तर राख म्हणू नको, हसतील.

तुझा,
बाबा

ता.क. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत आहे, हातातल्या पिशवीत टाकू नकोस, काढून घेतात. फलटणच्या मुलाचा नंबर या पाकिटाच्या मागे लिहिलाय. पहाटे आणि संध्याकाळी तो दूध संकलनावर असतो, तेव्हा फोन घेत नाही. आपल्या रात्री नऊनंतर कर, म्हणजे तुझ्या घड्याळात साडेअकरा वाजलेले असतील.