फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही साधं विचारलंत, "यंदा येणार की नाही?" आणि मी म्हणाले, "यंदा म्हणजे डिसेंबरपर्यंत, की माझं हे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत?" तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. ती हसत होती, पण तुम्हाला लागलं हे मला इथे लंडनमध्ये कळलं. म्हणून पत्र. फोनवर मी परत वादच घातला असता.

चूक माझीच, पण थोडी या कायद्याच्या शिक्षणाचीही. कलमं पाठ करण्यापेक्षा इथे जुने निकाल वाचण्यात जास्त वेळ जातो. आणि वर्गात 'बरोबर कोण?' हा प्रश्न फार उशिरा येतो. आधी कोण नेमकं काय म्हणालं, कधी म्हणालं, त्यावर समोरच्याने काय कळवलं.

एक खटला सांगते. हाइड विरुद्ध रेंच, १८४०. रेंचने आपली शेतजमीन हजार पौंडांना देऊ केली. हाइड म्हणाला, साडेनऊशे देतो. रेंचने नाही म्हटलं. मग हाइडने कळवलं, बरं, हजार घ्या. रेंच तयार होईना, म्हणून हाइड कोर्टात गेला आणि हरला. साडेनऊशे म्हटलं तेव्हाच हजाराचा प्रस्ताव संपला होता, तो आपल्या सोयीने पुन्हा उठवता येत नाही. मला तेव्हा हा अन्याय वाटला होता. माणूस घासाघीस करणारच की! पण १८८० च्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीनमध्ये लोखंड घेणाऱ्याने तार करून माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने द्याल का, एवढंच विचारलं होतं. कोर्टाने ती नुसती चौकशी धरली आणि मूळ प्रस्ताव जिवंत राहिला. 'जमेल का?' आणि 'एवढंच देईन' यांत इतका फरक आहे. तेव्हापासून आकडा तोंडातून काढताना माझी जीभ अडखळते.

याचा अर्थ मी हुशार झाले असा नाही. मागच्या महिन्यात वर्गात वाटाघाटींचा सराव होता. दोन्ही बाजूंना आपापल्या अशिलाच्या गुप्त सूचनांचा एकेक कागद मिळतो. मी यंत्र विकणाऱ्याची वकील. चाळीस मिनिटं नुकसानभरपाईच्या रकमेवरून भांडले, एक पैसा सोडला नाही, आणि मनातून खूश होते. शेवटी कागद उघडले तर समोरच्याला रकमेचं फारसं काही नव्हतंच, त्याला यंत्र दुरुस्त होऊन महिन्याच्या आत हवं होतं. माझ्या अशिलाला ते फुकटात जमलं असतं. 'तुम्हाला ते कशासाठी हवंय?' हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या बाबतीतही तेच झालं. तुम्ही तारीख कुठे मागत होतात!

तर ऐका. जूनच्या अखेरीस परीक्षा संपतात, १० जुलैच्या आत मी घरी असेन. हा माझा प्रस्ताव. 'मे महिन्यातच ये' म्हणालात तर तो मोडला असं समजेन. 'थोडं लवकर जमेल का?' असं मात्र खुशाल विचारा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी