मंत्रीसाहेब, स्पीडबोट सुटायच्या आधी ड्रायव्हरचा हात बघायला लावा

माननीय बंदरेमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, माझी सासुरवाडी अलिबागची, त्यामुळे पावसाळा सोडला तर महिन्यातून दोनदा तरी बोटीने गेटवे-मांडवा होतंच. २०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोटच्या रेस झाल्या तेव्हा कठड्यावर बसून मीपण शिट्ट्या मारल्यात, म्हणजे स्पीडशी माझं काही वाकडं नाही. माझं म्हणणं पॅसेंजर बोटींच्या सुरक्षेचं आहे, खास करून स्पीडबोटीच्या ड्रायव्हरने मनगटाला बांधायच्या दोरीचं.

रेसवाले जीव वाचवायला किती खर्च करतात ते बघा. १९९० ला मोनॅकोच्या समुद्रात पॉवरबोट रेसर स्टेफानो कासिरागी उघड्या कॉकपिटमध्ये गेला, त्यानंतर बंद झाकणाच्या बोटींवर भर आला, आत श्वासाला हवेची नळी, आणि ड्रायव्हरला पिंजऱ्यात बांधून पाण्यात उलटा करतात, सुटून बाहेर आलास तरच रेस. कारण बोटीच्या पोटाखाली हवा शिरली की ती पतंगासारखी उचलते आणि पालथी पडते, १९६७ ला पाण्यावरच्या स्पीडचा रेकॉर्ड करायला गेलेला डोनाल्ड कॅम्पबेल असाच गेला. केन वॉर्बीचा १९७८ चा ताशी ५११ किलोमीटरचा पाण्यावरच्या स्पीडचा रेकॉर्ड अजून तुटला नाही, तोडायला गेलेले दोघं मेले.

आणि आपल्याकडे? १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल ही पॅसेंजर बोट एलिफंटाला चाललेली, इंजिनाची ट्रायल घेणारी नेव्हीची स्पीडबोट कंट्रोल सुटून तिच्यावर आदळली, १५ माणसं गेली. पॅसेंजर जातात त्याच पाण्यात ट्रायल कशाला घ्यायची हो?

त्यानंतर लाइफ जॅकेट घाला म्हणून मागे लागतात, चांगलंच आहे. पण मध्ये एका स्पीडबोटीत बसलो (नाव नाही घेत), तिची किल कॉर्ड, म्हणजे ड्रायव्हर फेकला गेला की इंजिन बंद करणारी ती लाल दोरी, मनगटाऐवजी स्टिअरिंगला गुंडाळलेली! विचारलं तर म्हणे, "हात हलला की इंजिन बंद पडतं, डोक्याला ताप." २०१३ ला इंग्लंडात पॅडस्टोजवळ दोरी न लावल्यामुळेच रिकामी बोट गोल फिरत पाण्यात पडलेल्या कुटुंबावरून गेली, बाप आणि आठ वर्षांची पोरगी गेली. रेसच्या बोटीला कोटीत पैसे जातात साहेब, ही दोरी त्यापुढे चिल्लर आहे.

तर ट्रायल आणि रेसला फेरीच्या वाटेपासून लांब वेगळी हद्द आखून द्या, रेस असेल तर रेस्क्यू बोट, डायव्हर, अँब्युलन्सचा खर्च भरवणाऱ्याकडूनच घ्या. दोरी तपासायला माणसं नाहीत असं कोणी सांगेल, तर जेट्टीवर तिकीट फाडणारा उभा असतोच, त्यालाच सांगा, सुटायच्या आधी ड्रायव्हरचा हात बघ म्हणून.

आपला,
मांडव्याचा नेहमीचा पॅसेंजर